घरात कुणालाच नाही

संडासाविषयी चारचौघांत बोलायची मला आता लाज वाटत नाही. सुरुवातीला फार वाटायची. पोटात कळ आली की मी ‘जरा पाणी पिऊन येतो’ म्हणून पळायचो आणि डेपोतले लोक म्हणायचे, या सुधाकरला तहान भारी लागते. मी एसटीत कंडक्टर. ज्याला तासातासाला पळावं लागतं त्यानं खरं तर कंडक्टर होऊ नये, पण नोकरी आधी लागली आणि आजार नंतर लागला, त्याला मी काय करणार!

आजाराचं नाव क्रोन्स. आतड्याला सूज येते, जखमा होतात, रक्त जातं, अंगावरचं मांस उतरतं. तो मुळापासून जात नाही, पण औषधं नीट घेतली तर माणसाला नोकरी करू देतो, पोरीला सायकल शिकवू देतो. यापेक्षा जास्त डॉक्टरी मला येत नाही आणि कुणी ती माझ्याकडून शिकूही नये. मला सांगायचंय ते दुसरंच. माझा आजार ओळखायला दोन वर्षं लागली, आणि त्यातलं एक वर्ष आमच्या घरानं सांगितलेल्या एका खोट्यात गेलं. त्या खोट्यात मीही सामील होतो. अजूनही औरंगाबादला तपासणीला गेलो की बाकावर नवीन पेशंट दिसतात. डॉक्टर विचारतात, ‘घरात आणखी कुणाला असा त्रास?’ आणि सोबतचा वडीलधारा माणूस फरशीकडं बघायला लागतो. हे लिहितोय ते त्या माणसानं वाचावं म्हणून.

गळ्यात बॅग

हिंगोली तेव्हा जिल्हा झाला नव्हता, परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. मी तिशीला टेकलो होतो. बायको सुनंदा आणि दीड वर्षाची मुलगी, हिंगोलीत दोन खोल्या भाड्याच्या. आईवडील आणि धाकटी बहीण छाया पुसेगावला. माझी ड्यूटी बहुतेक हिंगोली-औंढा-परभणी अशी असायची आणि स्टिअरिंगवर मुनीर चाचा.

मुनीर चाचांना मी कधी काही सांगितलं नाही. ते आरशात माझा चेहरा बघायचे आणि गाडी हळू करायचे. “रोकूं क्या, साब?” तिकिटांचा ट्रे आणि बॅग कंडक्टरनं कुणाच्या हाती द्यायची नसते. त्यामुळं मी गळ्यात बॅग घेऊनच रस्त्याकडेच्या तुरीत शिरायचो. बाहेर येईपर्यंत चाचा बॉनेट उघडून पाण्याच्या बाटलीशी काहीतरी करत असायचे, म्हणजे प्रवाशांना वाटावं की गाडी तापली. त्या दोन वर्षांत आमची गाडी जेवढी तापली तेवढी अख्ख्या डेपोत कुठली तापली नसेल.

एकदा पंचाईत झाली. तुरी काढून झालेल्या, दोन्ही बाजूंना नुसती मोकळी काळी रानं, आडोसा म्हणून एक बोरीचं झुडूप नाही. बाजाराला निघालेल्या तांड्यावरच्या पाच-सहा बाया गाडीत होत्या. त्यांतली एक म्हातारी उठली आणि गाडीभर ओरडली, “ए, समदे तिकडं तोंड करा रे! कंडक्टर बी मानूसच हाय!” आणि चाळीस माणसांनी खरोखर तिकडं तोंड केलं. परत आलो तेव्हा कुणी हसलं नाही. मी उरलेली तिकिटं मान खाली घालून फाडली.

औंढ्याला मंदिराच्या रस्त्यावर नारळ-फुलं विकणारी एक बाई होती. स्टँडवरच्या संडासाला कायम कुलूप, म्हणून मी एकदा नाइलाजानं तिला विचारलं. तिनं गल्ल्यातून घराची चावी काढली आणि हार ओवता ओवता पुढं केली. त्यानंतर गाडी लागली की ती न विचारता चावी धरायची. आम्ही बौद्ध. ती मंदिराच्या दारात बसणारी. तिनं माझं आडनाव कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी चावी दिली असती असं मला वाटतं. त्या बाईचं ऋण माझ्यावर आहे.

रक्त दिसलं की आमच्या भागात एकच नाव निघतं, मूळव्याध. मीही तेच धरून बसलो. मुळव्याधीचा बोर्ड लावलेल्या डॉक्टराच्या पुड्या खाल्ल्या, तिखट सोडलं. कुणीतरी सुरण सांगितला, तर सुनंदानं दोन महिने सुरण रांधला. आजही बाजारात सुरण दिसला की मी रस्ता ओलांडतो. वजन मात्र उतरतच गेलं. पट्ट्याला चांभाराकडून तीन नवी भोकं पाडून घेतली, संध्याकाळी कणकण यायची, तोंड आलेलं असायचं आणि सकाळी गुडघे धरायचे. शेवटी सुनंदानंच पुसेगावला निरोप धाडला आणि बाबा मला नांदेडला घेऊन गेले.

नांदेडचा प्रश्न

नांदेडचे डॉक्टर चांगले होते. पांढरं खडूसारखं औषध पाजून त्यांनी पोटाचे फोटो काढले, आणि फोटो दिव्यासमोर धरून विचारलं, “घरात कुणाला असा त्रास होता? आई, वडील, आजी-आजोबा?”

बाबा लगेच म्हणाले, “न्हाई जी. घरात कुणालाच न्हाई.”

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो.

मी सहा-सात वर्षांचा असताना माझी आजी, बाबांची आई, घरामागच्या छपरात खाटेवर पडून असायची. आई तिच्या चिंध्या राखेनं धुवायची. आजीचा हात माझ्या हाताएवढा झाला होता. कुणी संग्रहणी म्हणायचं, कुणी करणी म्हणायचं. आजी गेली आणि त्यानंतर घरात तिच्या दुखण्याचा विषय निघाला नाही. हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवत होतं. तरी मी गप्प बसलो.

कारण छायाचं लग्न. आमच्याकडं मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क मानतात. माझी एकुलती एक आत्या, गया आत्या, सेनगावजवळच्या साखऱ्याला दिलेली. छायाच्या बारशाला तिनं पोरीच्या पायात चांदीचे वाळे घातले आणि ‘ही माझी सून’ म्हणून सगळ्यांना साखर वाटली. तिचा मुलगा मिलिंद तेव्हा चार वर्षांचा. नवरा लवकर गेल्यावर आत्यानं त्या एका पोरावर आणि या एका सोयरिकीवर दिवस काढले. पुढं मिलिंदनं सेनगावला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान टाकलं, आणि त्याला छाया हक्काची म्हणून नव्हे, मनापासून आवडत होती. तिलाही तो. लग्न त्या उन्हाळ्यात करायचं ठरलं होतं. पण आत्याच्या दिरांना मुलगी दुसरीकडची करायची होती आणि ते निमित्त शोधत होते. नांदेडच्या त्या डॉक्टरांचा कंपाऊंडर नेमका सेनगावचा. ‘पुसेगाववाल्यांच्या रक्तातच रोग आहे’ एवढं वाक्य त्याच्या तोंडून साखऱ्याला पोचलं असतं की झालं असतं. बाबांनी हे सगळं एका क्षणात मनात धरलं असणार. मीही धरलंच होतं.

डॉक्टरांनी आतड्याचा टीबी सांगितला. आपल्याकडं टीबी जास्त, दिसायला दोन्ही आजार सारखे, आणि घरात कुणाला नाही म्हटल्यावर त्यांचं काय चुकलं? बाबांचा चेहरा उजळला. बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला. “टीबी बाहेरून येतो, गड्या,” ते म्हणाले. “गोळ्या खाल्ल्या की गेला.” रस मला पचला नाही हे मी त्यांना सांगितलं नाही.

गोळ्या

टीबीच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. पहिल्या दिवशी मी घाबरून सुनंदाला हाक मारली होती. पहिले दोन महिने मला वाटलं की फरक पडतोय. मग वाटणंही थांबलं. माझ्यापायी छायाचं लग्न पुढं ढकललं गेलं. सातव्या महिन्यात मी तिकीट फाडताना गाडीत चक्कर येऊन पडलो आणि मुनीर चाचांनी प्रवाशांसकट गाडी दवाखान्याच्या दारात उभी केली. त्याबद्दल त्यांना नंतर लेखी खुलासा द्यावा लागला. “आदमी गिरा था, और क्या लिखूं?” असं म्हणत त्यांनी तो माझ्याकडूनच लिहून घेतला.

नऊ महिन्यांचा कोर्स संपला त्याच आठवड्यात माझं पोट मडक्यासारखं फुगलं आणि उलट्या थांबेनात. आतडं एका जागी आवळून बंद झालं होतं. मला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

औरंगाबाद

वॉर्डात दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. आधी झाडूवाली मावशी, ‘पाय वर घ्या’ म्हणत. मग ताप बघणारी सिस्टर. मग खाटांखाली झोपलेले नातेवाईक एकेक करून बाहेर निघायचे, चटया गुंडाळून. आठला डॉक्टरांचा राऊंड. माझ्या नाकातून पोटात नळी घातलेली, हाताला सलाईन, आणि शेजारच्या खाटेवर जालन्याचे एक गुरुजी, जे स्वतःचं ऑपरेशन विसरून मला रोज पेपर वाचून दाखवायचे. पाऊसपाण्याच्या बातम्यासुद्धा सोडायचे नाहीत.

आमच्या डॉक्टर एक बाई होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी मला आणि सुनंदाला सरळ सांगितलं. हा टीबी नसून क्रोन्स असावा असा त्यांना संशय होता. पण दुर्बिणीतून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यावरून नक्की ठरत नव्हतं. क्रोन्स असेल तर स्टेरॉइड द्यायला हवं होतं, आणि टीबी शिल्लक असेल तर त्याच स्टेरॉइडनं तो अंगभर भडकला असता. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर ऑपरेशन करायचं, आतड्याचा तुकडा काढायचा, आणि कदाचित काही महिने पोटावर पिशवी लावायची. गळ्यात एक बॅग आधीच आहे, असं मी म्हणालो. बाई हसल्या. सुनंदा हसली नाही.

मग राऊंडला त्यांनी तोच प्रश्न विचारला. “घरात कुणाला असं काही?”

“न्हाई,” बाबा म्हणाले.

माझ्या नाकात नळी होती हे एक निमित्त झालं. बोलता येत होतं. मी बोललो नाही. मरायची भीती होती, खूप होती, तरीही त्या घडीला मला छायाचा चेहरा दिसला आणि तोंड उघडलं नाही. याला मी तेव्हा त्याग समजत होतो. आता मूर्खपणा समजतो.

गया आत्या

त्याच दिवशी दुपारी आत्या आली. साखऱ्याहून तीन गाड्या बदलून, लाह्यांच्या पिठाचा डबा घेऊन. माझी आत्या म्हणजे आमच्या सगळ्या नातेवाइकांतली कामसू बाई. कुणाचंही लग्न असो, ती चुलीपाशी. पंगतीत बसलेली तिला कुणी पाहिलं नव्हतं. “मंग जेवते, आधी पाव्हण्यांचं होऊ द्या,” हे तिचं ठरलेलं. आम्ही तिचं कौतुक करायचो.

तिनं खाटेशी बसून माझ्या कपाळावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, “सकाळी गुडघे धरतेत का रे?”

“धरतात.”

“तोंड येतं? जेवलं की इथं, उजवीकडं, पीळ पडतो?”

“तुला कसं माहीत?”

तिनं पिठाचा डबा उघडून परत लावला, पुन्हा उघडला.

दुसऱ्या दिवशी राऊंडला बाई आल्या तेव्हा आत्या खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, “डाक्टरीणबाई, माझा भाऊ तुमाला खोटं बोलून राहिला. आमच्या मायला हेच व्हतं. ती यातच गेली. अन् मला बी हाय. बावीस वर्षं झाली.”

“गये!” बाबा ओरडले.

“वरडू नको भाऊ. लेकरू मरून राहिलंय.”

मग तिनं सगळं सांगितलं, भर वॉर्डात, गुरुजींनी पेपर खाली ठेवला तरी न थांबता. मिलिंद झाल्यानंतर सुरू झालं. नवऱ्यालाही कळू दिलं नाही. लग्नाकार्याला जायचं असलं की आदल्या दिवसापासून पोटात अन्न जाऊ द्यायचं नाही, तिथं चुलीपाशी राहायचं म्हणजे कुणी ‘जेव’ म्हणत नाही, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून नाल्याकडं जायचं. जास्त झालं की ताकावर राहायचं आणि कुठला तरी उपास सांगायचा. आपण बौद्ध, तुझे हे उपास कसले, असं दीर विचारायचे, तर म्हणायची, डोकं दुखतं म्हणून जेवत नाही. आम्ही जिला कामसू म्हणत होतो ती बाई बावीस वर्षं उपाशी होती.

मला रडू आलं. नाकात नळी असताना रडणं फार अवघड असतं.

डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथं आत्याला तपासायचं ठरवलं. दुर्बिणीत तिच्या आतड्याला तशाच जखमा निघाल्या, जुन्या आणि नव्या. आजी, आत्या आणि मी. एवढ्यानं सगळं सिद्ध होत नाही, पण पारडं एका बाजूला झुकतं, असं बाई म्हणाल्या. नऊ महिने टीबीच्या गोळ्या घेऊन झाल्याच होत्या. त्यांनी वरच्या डॉक्टरांशी बोलून स्टेरॉइड सुरू केलं. तिसऱ्या दिवशी पोटातला फुगारा उतरला. पाचव्या दिवशी नळी निघाली. आठव्या दिवशी मी वरणाचं पाणी प्यालो आणि ते पोटात राहिलं. ऑपरेशन टळलं.

बाकावर

त्यातल्याच सातव्या दिवशी बाईंनी बाबांना, आत्याला आणि सुनंदाला खोलीत बोलावलं होतं. मलाही चाकाच्या खुर्चीवर नेलं. त्या म्हणाल्या, “आजार वारशानं येत नाही. आजार होण्याची शक्यता वारशानं येते. तुमच्या घरात ती इतरांपेक्षा जास्त आहे, एवढंच. बहुतेकांना काहीच होणार नाही. पण कुणाचं पोट बिघडलं आणि महिनाभर राहिलं, तर मूळव्याध म्हणून बसून राहू नका.”

बाबांनी विचारलं, “मंग माझ्या छायाला?”

“बहुधा नाही होणार.”

आत्यानं विचारलं, “अन् मामा-आत्याच्या लेकरांचं लगन केलं तर? त्यांच्या लेकरांला?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “दोन्हीकडून आलं तर शक्यता आणखी थोडी वाढते. किती, ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. तरीही लेकरं चांगली निरोगी होऊ शकतात. हा निर्णय तुमचा आहे.”

बाहेर व्हरांड्यात लाकडी बाक होता. तिथं बसल्याबरोबर सुनंदाचा बांध फुटला. ती सासऱ्यांना मामा म्हणते आणि त्यांच्यापुढं कधी आवाज चढवून बोललेली नव्हती. “मामा, दोनदा विचारलं तुमाला. दोन्ही बार तुमी लेकापेक्षा लगन मोठं केलं!” मग माझ्याकडं वळली. “अन् तुमी? तुमाला तर आजीचं ठाऊक व्हतं की न्हाई?”

मी होय अशी मान हलवली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पण तासातासाला चमचा चमचा साबुदाण्याची पेज भरवायची ती तिनंच.

बाबा भिंतीकडं बघत बसले होते. आत्या त्यांच्या शेजारी सरकली. “भाऊ, छायाला दुसरीकडं दे.”

“तू काहून असं करून राहिलीस? बाई म्हणल्या ना, नक्की काही न्हाई म्हणून.”

“नक्की न्हाई, व्हय. पर म्या भोगलंय. माझ्या नातवाच्या पोटात हे दोन्ही अंगानं नगं.”

“मिलिंद ऐकंल का तुझं?”

“न्हाई ऐकायचा. शिव्या देईल मला. देऊ दे.”

बाबा लहान मुलासारखे रडले. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर रडताना पाहिलेलं नाही. आत्या रडली नाही. बारशापासून जपलेली सून तिनं त्या बाकावर बसून सोडली, आणि मग उठून माझ्यासाठी गरम पाणी मिळतंय का बघायला गेली. दुसऱ्या दिवसापासून ते पाणी बाबा आणायला लागले, खालच्या रांगेत पाऊण पाऊण तास उभं राहून. माफी त्यांनी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही, कारण तशी माझीही बाकी होती.

नंतर

स्टेरॉइडनं माझं तोंड पुरीसारखं फुगलं. डेपोत लोक म्हणायचे, सुधाकर, दवाखाना मानवला की! वर्षभर मला चौकशीच्या खिडकीत बसवलं, ही साहेबांची मेहेरबानी. पुढं मी गाडीवर परत गेलो. अधूनमधून आजार डोकं वर काढतो, गोळ्या वाढवाव्या लागतात, पण मी आहे.

मिलिंदनं आईशी वर्षभर बोलणं टाकलं, आणि माझ्याशी तीन वर्षं. एकदा सेनगावला मी त्याच्या दुकानासमोर उभा राहिलो, तर तो तांब्याची तार गुंडाळत राहिला आणि वर न बघता म्हणाला, “तुझं पोट वाचलं दादा. बरं झालं. माझं काय गेलं ते नको इचारू.” मी निघून आलो. माझा जीव ज्या किमतीला वाचला ती मी मोजली नव्हती, त्यानं आणि छायानं मोजली होती. छाया माझ्यासाठी आणलेली औषधं मला देताना माझ्याकडं बघायची नाही.

हिंगोलीचा जिल्हा झाला त्या सुमाराला छायाचं लग्न वाशीमकडं झालं. बाबांनी पाहुण्यांना आधीच सगळं सांगितलं, आजीपासून माझ्यापर्यंत. एक स्थळ त्यामुळं मोडलं. दुसऱ्या ठिकाणचा मुलगा म्हणाला, आमच्याकडं शुगर आहे, आम्ही पण सांगून टाकतो. तो आमचा जावई. लग्नात मी आत्याला चुलीपाशी शोधत गेलो तर ती तिथं नव्हती. दीड-दोन वर्षांच्या गोळ्यांनी तिचं पोट शांत झालं होतं आणि ती पहिल्या पंगतीत मांडी घालून पुरी-भाजी जेवत होती. मी वाढपी झालो आणि तिला दोनदा आग्रह केला. तिनं दोन्ही वेळा घेतलं.

मिलिंदचंही पुढं लग्न झालं, चांगली बायको मिळाली, मुलगा झाला. आमचं येणं-जाणं सुरू झालं, पण पाहुण्यासारखं.

मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी हिंगोलीच्या स्टँडवर मी गाडीचा फलक लावत होतो, तर तो समोर उभा. बारीक झालेला. “दादा,” तो म्हणाला, “तीन हप्ते झाले. रगत पडून राहिलंय.”

मी त्या दिवशी रजा टाकली. दोघं तसेच औरंगाबादला गेलो. केसपेपरवर बाईंनी विचारायच्या आतच त्यानं सांगितलं, “माझ्या मायला हाय, आजीला व्हतं, अन् ह्या मामेभावाला हाय.” आठ दिवसांत तपासण्या झाल्या, औषध सुरू झालं. त्याचं आतडं आवळलं नव्हतं. मला जिथं दोन वर्षं लागली होती तिथं त्याचा महिनाही गेला नाही.

परत येताना मी त्याच्यासोबत साखऱ्याला उतरलो. आत्या दारातच होती. कागद वाचता येत नसले तरी तिनं ते हातात घेतले आणि खाली बसली. “माझंच रगत,” ती म्हणाली. “तुझं लगन मोडलं, तुला रडवलं, अन् लागायचं ते लागलंच. काहून केलं मी ते समदं?”

मिलिंद तिच्यासमोर उकिडवा बसला. किती तरी वर्षांनी मी त्याला तिच्या इतक्या जवळ बसलेलं पाहत होतो.

“तू त्या दिवशी बोलली नसतीस तर मला कळलं असतं का हे काय हाय ते? मुळव्याधीच्या पुड्या खात बसलो असतो मी, दादासारखा. रोग तुझ्याकडून आला असंल, माय. पर त्याचं नाव बी तूच सांगितलंस.”

आत्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, “ह्या गोळ्या जेवायच्या आधी का जेवल्यावर?”

“जेवल्यावर.”

ती उठली आणि तिनं तीन ताटं वाढली, मिलिंदचं, माझं आणि स्वतःचं. वरणभात होता, मऊ. जेवण झाल्यावर आम्ही तिघांनी आपापल्या गोळ्या काढल्या आणि एकाच तांब्यातल्या पाण्यानं घेतल्या.